तिजोरीची दुसरी किल्ली

आमच्या पिढीने टेलिफोनची वाट पाहिलेली आहे. अर्ज करायचा, अनामत भरायची आणि मग वर्षे मोजायची. मुलगा बालवाडीत असताना नंबर लावावा आणि तो चौथीच्या स्कॉलरशिपला बसला तरी फोनचा पत्ता नसावा, अशी घरे ठाण्यात आमच्याच गल्लीत होती. मग एके दिवशी तो काळा ठोकळा घरी येई, शेजाऱ्यांना पेढे वाटले जात आणि त्याच्यावर भरतकाम केलेला रुमाल पडे. बाहेरगावचा ट्रंक कॉल आला की सारे घर उभे राही. घंटा वाजली याचा अर्थ कुणीतरी पैसे मोजून आपली आठवण काढली आहे. तेव्हा उठायचे, ऐकून घ्यायचे, नीट उत्तर द्यायचे. समोरचा बोलत असताना फोन ठेवणे म्हणजे दारात आलेल्या माणसाच्या तोंडावर दार आपटणे. आज जे सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत, त्यांच्या हाडात ही सवय मुरलेली आहे.

हे आधीच सांगण्याचे कारण असे की, घरातले कुणी वयस्क माणूस फोनवरून फसले की पहिला निष्कर्ष निघतो तो ‘म्हातारपणी बुद्धी चालत नाही’ हा. मी बँकेत पस्तीस-एक वर्षे काढली, निवृत्त झाल्यावरही ओळखीपाळखीची माणसे अशी प्रकरणे घेऊन माझ्याकडे येतात. त्यांत बुद्धी कमी असलेला माणूस मला क्वचितच भेटला. भेटले ते निवृत्त मुख्याध्यापक, लेखापाल, परिचारिका. आयुष्यभर नियम पाळलेली, समोरच्याचे ऐकून घेणारी, कुणाचे देणे न ठेवणारी माणसे. फसवणाऱ्याला हवी असतात तीच ही माणसे.

या धंद्याचे मूळ रूप आपल्याकडे नीट कुणी समजावून सांगत नाही, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. ते अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या म्हाताऱ्यांसाठी बेतलेले आहे. (आणि आपल्यापैकी कितीतरी जणांचे आईवडील सहा-सहा महिने न्यूजर्सीत किंवा टेक्सासमध्ये मुलांच्या घरी एकटे बसलेले असतात, तेव्हा हे दूरचे आहे असे समजू नये.) कॉम्प्युटरवर काहीतरी वाचत असताना अचानक पडदा लाल होतो, भोंगा वाजू लागतो, ‘तुमच्या यंत्रात व्हायरस शिरला आहे, बंद करू नका, या क्रमांकावर फोन करा’ असे अक्षर झळकते. घाबरलेला माणूस स्वतःच फोन करतो. पलीकडे एक नम्र आवाज असतो. तो स्वतःला नामांकित कंपनीचा तंत्रज्ञ म्हणवतो आणि एक छोटा प्रोग्रॅम उतरवून घ्यायला लावतो. त्या प्रोग्रॅमने दूर बसलेल्या माणसाला तुमचा पडदा दिसतो आणि तुमचे यंत्र चालवताही येते. प्रोग्रॅम स्वतः काही गुन्हेगारी वस्तू नव्हे. कचेऱ्यांतून दुरुस्तीसाठी तो रोज वापरला जातो. पहारही घर बांधायला लागतेच.

मग तो ‘तपासणी’ करतो. विंडोजच्या प्रत्येक यंत्रात ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाची एक वही असते. यंत्रात दिवसभरात ज्या बारीकसारीक कुरबुरी होतात त्यांची नोंद तिथे होते, तांबड्या-पिवळ्या खुणांसकट. ठणठणीत यंत्रातही अशा शेकडो नोंदी सापडतात. हा गृहस्थ ती वही उघडून दाखवतो आणि म्हणतो, ‘पाहिलंत, किती बिघाड झालेत!’ निरोगी माणसाच्या रक्ताच्या अहवालातले चार लाल आकडे दाखवून त्याला रुग्णालयात दाखल करून घ्यावे, तसा हा प्रकार. त्यावर दुरुस्तीची फी, तीन वर्षांच्या ‘संरक्षणा’ची वर्गणी.

इथपर्यंत साधी लूट झाली. खरी कमाल पुढची आहे. वर्षा-दोन वर्षांनी त्याच माणसाला पुन्हा फोन येतो. ‘आमची कंपनी बंद होते आहे, तुमची वर्गणी परत करायची आहे, चारशे डॉलर.’ पुन्हा तोच प्रोग्रॅम. पडद्यावर एक फॉर्म येतो, त्यात म्हाताऱ्याने स्वतःच्या हाताने ४०० हा आकडा टाकायचा. तो टाकतो, पण पलीकडचा माणूस हळूच त्यापुढे एक-दोन शून्ये वाढवतो. मग बँकेचे पान उघडायला लावले जाते, क्षणभर पडदा काळा होतो आणि खात्यात चारशेऐवजी चाळीस हजार जमा झालेले दिसतात! पलीकडचा माणूस हंबरडा फोडतो. ‘सर, तुमच्या हातून चूक झाली, माझी नोकरी जाईल, माझी लहान मुलं आहेत, वरचे पैसे कृपा करून परत पाठवा.’

प्रत्यक्षात एक पैही आलेली नसते. कधी म्हाताऱ्याच्याच एका खात्यातले पैसे त्याच्याच दुसऱ्या खात्यात फिरवलेले असतात. कधी तेवढेही कष्ट न घेता ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानावरचा आकडा नुसता खोडून नवा लिहिलेला असतो. हे कुणालाही करता येते, कारण पडद्यावरचे पान ही बँकेच्या हिशेबाची केवळ छबी आहे. आम्ही लेजरच्या काळातली माणसे. ग्राहकाच्या पासबुकात काय लिहिले आहे यापेक्षा लेजरात काय आहे ते खरे, हे पहिल्या आठवड्यात शिकवले जाई. पान एकदा नव्याने उघडले असते, तर ते चाळीस हजार अदृश्य झाले असते. पण ते उघडू दिले जात नाही. घाई, रडारड, ‘फोन ठेवू नका’. मग म्हातारा दुकानात जाऊन गिफ्ट कार्डे विकत घेतो आणि त्यांचे क्रमांक वाचून दाखवतो, नाहीतर रोख रक्कम खोक्यात भरून कुरिअरने पाठवतो.

लोभी माणूसच फसतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. दामदुप्पट योजनांच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरेही होते. काउंटरच्या आतून मी तो लोभ पाहिलेला आहे. पण या खेळात लोभ कुठे आहे? दुसऱ्याचे पैसे आपल्याकडे राहू नयेत, आपल्या चुकीने कुणाची नोकरी जाऊ नये, एवढीच त्या माणसाची धडपड असते. त्याचा प्रामाणिकपणाच त्याला लुटायला वापरला जातो. मला या साऱ्यात सर्वांत संताप येतो तो याचा.

आणि हे फोन येतात कुठून? ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा सातशेहून अधिक तरुण-तरुणींना ताब्यात घेण्यात आले होते. ते कॉम्प्युटर-दुरुस्तीवाले नव्हते. अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याचे अधिकारी बनून ते तिथल्या लोकांना अटकेची धमकी देत. पण धंदा तोच, शाखा वेगळी. आमच्या घरापासून लोकलने आणि बसने तासा-दीड तासावर. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’ या नावाने देशभर ७६ ठिकाणी शोध घेतला; त्यात मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉन यांच्या तक्रारींवरून नोंदवलेले गुन्हे होते. त्या कंपन्यांची नावे घेऊन परदेशी लोकांना लुबाडणारी केंद्रे त्यात उघडकीस आली. अमेरिकेच्या एफबीआयकडे २०२४ या एका वर्षात साठीपुढच्या माणसांनी इंटरनेटवरील सर्व प्रकारच्या गुन्ह्यांच्या १ लाख ४७ हजार तक्रारी केल्या आणि त्यांतली बुडालेली रक्कम ४८८ कोटी डॉलरच्या घरात होती. सगळे फोन आपल्याकडून गेले असे नव्हे. पण रात्रपाळीला जाणाऱ्या मुलाला ‘तुझी कंपनी नेमके काय विकते?’ हा प्रश्न किती मराठी घरांतून विचारला गेला असेल? इंग्रजी चांगले आहे, पगार रोख मिळतो, कमिशन वेगळे, यावर आईवडील समाधानी. त्या मुलांनाही घरी आजी असतेच.

आता आपल्याकडे या. आपल्या म्हाताऱ्यांकडे कॉम्प्युटर कमी, पण मोबाइल प्रत्येकाकडे आहे आणि तो कॉम्प्युटरच आहे. तेव्हा खेळाची भाषांतरित आवृत्ती निघाली. ‘तुमचे केवायसी संपले आहे.’ ‘बिल भरलेले दिसत नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, अधिकाऱ्याला फोन करा.’ हा विजेचा संदेश २०२२ मध्ये इतका फिरला, की महावितरणला ग्राहकांना सावध करावे लागले. निवृत्तिवेतनधारकांना नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याच्या नावाने फोन. आणि शेवट सगळ्यांचा एकच: ‘काका, एक छोटं ॲप टाकून घ्या, मी इथूनच करून देतो.’ ॲप टाकले की पडद्यावर एक नऊ आकडी क्रमांक येतो, तो वाचून दाखवायचा. त्यानंतर तुमच्या फोनवर आलेला ओटीपी वेगळा विचारावाही लागत नाही; तो त्याला दिसतच असतो. रिझर्व्ह बँकेने ‘एनीडेस्क’ या ॲपचे नाव घेऊन बँकांना याबद्दल इशारा दिला तो फेब्रुवारी २०१९ मध्ये. इतकी वर्षे झाली, युक्ती तीच चालू आहे. आता तर वेगळे ॲपही नको, व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवरसुद्धा पडदा दाखवता येतो.

आमच्या इमारतीतल्या एका बाईंची गोष्ट सांगतो. त्यांच्या परवानगीने सांगतो आहे, नाव मात्र सांगत नाही. वय चौऱ्याहत्तर, शाळेत तीस वर्षे गणित शिकवलेले. नातवाने दिलेला प्रिंटर चालेना, म्हणून त्यांनी गूगलवर कंपनीचा ग्राहकसेवा क्रमांक शोधला. वर दिसलेला पहिला क्रमांक लावला. तो भामट्याने पेरलेला होता. म्हणजे इथे फोन आलासुद्धा नव्हता, त्यांनी आपणहून केला होता. अनोळखी फोन घेऊ नका हा उपदेश इथे निरुपयोगी. पलीकडून ॲप टाकायला सांगितले, मग ‘नोंदणीचे दहा रुपये’ भरायला सांगितले. पिन टाकताना पडदा पलीकडे दिसत होता. दुपारभरात खात्यातून १ लाख ८६ हजार गेले.

ही गोष्ट मी सांगतो ती पैशांसाठी नव्हे. बाईंनी चार दिवस कुणाला सांगितले नाही. मुलगा बंगळूरला. त्याने दोनच महिन्यांपूर्वी म्हटले होते, ‘आई, तुला कळत नाही तर त्या फोनला हात लावत जाऊ नकोस.’ बाई चार दिवस जेवल्या नाहीत, झोपल्या नाहीत. पण मुलाला फोन केला नाही. पाचव्या दिवशी दूधवाल्याला द्यायला पैसे नाहीत म्हणून त्या आमच्या दारात आल्या. तोवर रक्कम चार खात्यांतून फिरून काढून घेतली गेली होती. बँकेचे उत्तर ठरलेले होते: पिन तुम्हीच टाकला.

रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक आम्ही नोकरीत असताना पाठ केले होते. ग्राहकाने स्वतः गुप्त माहिती उघड केल्याने नुकसान झाले असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे, असे ते सांगते. म्हणजे कळवण्याच्या क्षणाला किंमत आहे. १९३० हा मदत-क्रमांकही त्याच तत्त्वावर चालतो: तक्रार लगेच आली तर पैसे ज्या खात्यात गेले ते गोठवता येते, उशिरा आली तर रिकामे खाते गोठवून काय उपयोग? तेव्हा त्या चार दिवसांची किंमत कुणी लावायची? ‘हात लावू नकोस’ हे वाक्य त्या मुलाने प्रेमानेच म्हटले असेल. पण फसवणाऱ्याला सर्वांत मोठी मदत त्या वाक्याने केली, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडचे तरुण लोक या बाबतीत फार चढेल असतात. त्यांच्यासाठी एक हकिकत. ‘जिम ब्राउनिंग’ या टोपणनावाने वावरणारा एक ब्रिटिश तंत्रज्ञ आहे. भामट्यांच्याच कॉम्प्युटरमध्ये शिरून तो त्यांचे चित्रण करतो. बीबीसीने मार्च २०२० मध्ये त्याच्या मदतीने गुरगावच्या एका कॉल सेंटरचे बिंग फोडले होते. जुलै २०२१ मध्ये याच गृहस्थाला कुणीतरी यूट्यूबचे साहाय्यक कर्मचारी बनून गाठले आणि त्याने स्वतःच्या हाताने स्वतःची वाहिनी पुसून टाकली! पुढे ती परत मिळाली. पण ज्याने आयुष्य या चोरांमागे घातले तो फसतो, तिथे आमच्या गणिताच्या बाईंना काय बोल लावायचा? आणि लगोलग त्याने जगाला सांगून टाकले की मी फसलो. त्याला रागवायला घरी कुणी नसावे.

‘डिजिटल अटके’चे प्रकार तर सर्वांना ठाऊक आहेत. वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांना ऑगस्ट २०२४ मध्ये व्हिडिओ कॉलवर खोटे सर्वोच्च न्यायालय दाखवून सात कोटी रुपये काढून घेतले गेले. त्यांतले सव्वापाच कोटी पोलिसांनी परत मिळवले. त्याच ऑक्टोबरात पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये हा विषय घेतला आणि कायद्यात अशी अटकच नाही हे सांगितले. इथे धमकी आहे, कॉम्प्युटरवाल्याकडे मदत आहे; पण दोघांचे एक वाक्य समान आहे. ‘फोन ठेवू नका आणि घरी कुणाला सांगू नका.’ खरी बँक, खरे पोलीस, खरा कारागीर हे वाक्य कधी बोलणार नाही.

मग करायचे काय? बहुतेक घरांत फसवणुकीनंतर जे होते ते असे: मुलगा विमानाने येतो, आईचा फोन काढून साधा फोन देतो, पासबुक-चेकबुक आपल्या पिशवीत टाकतो आणि ‘आता तुला काही बघायला नको’ म्हणून निघून जातो. भामट्याने दीड लाख नेले. उरलेले सगळे मुलाने नेले. स्वतःच्या निवृत्तिवेतनातून नातीला पाचशे रुपये द्यायचे, तर मुलाकडे मागायचे? चाळीस वर्षे घर चालवलेल्या बाईला हे मरणप्राय वाटते, आणि वाटलेच पाहिजे. काउंटरवर मी दुसराही प्रकार पाहिला आहे. बापाला रिक्षातून आणून, त्याचा थरथरता अंगठा धरून, मुदत ठेव मोडून घेणारे मुलगे. म्हाताऱ्या माणसाला अनोळखी चोराइतकीच ओळखीच्या माणसाचीही भीती असते, आणि ती नेहमी निराधार नसते.

माझे म्हणणे बँकेच्या स्ट्राँगरूममधून आलेले आहे. शाखेची रोकड संध्याकाळी तिजोरीत जाते ती दोघांच्या ताब्यात. तिजोरीला दोन किल्ल्या. एक हेड कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोन्ही लावल्याशिवाय दार उघडत नाही. मी पंचविशीत पहिल्यांदा ती किल्ली कमरेला लावली तेव्हा आमचे हेड कॅशियर छप्पन्न वर्षांचे होते, आणि माझ्यासारख्या पोराची किल्ली लागते म्हणून त्यांना कधी अपमान वाटला नाही. उलट ते म्हणत, ‘साहेब, ही दुसरी किल्ली माझ्या जिवासाठी आहे. रात्री कुणी गळ्याला सुरी लावली तर मला खरं सांगता येतं, की माझ्याकडे एकच आहे.’

वयस्क माणसाला नेमके हे खरे उत्तर मिळवून द्यायला हवे. भामटा तासभर बोलत राहतो तेव्हा त्याला ‘नको’ म्हणणे सभ्य माणसाला जड जाते. पण ‘माझ्या एकटीच्या हातात नाही’ हे म्हणायला जड जात नाही, कारण ते खरेच असते.

त्यासाठी आधी गल्ला आणि तिजोरी वेगळी करावी. दुकानदार दिवसाच्या व्यवहारापुरते पैसे गल्ल्यात ठेवतो. तसे एक छोटे खाते असावे. त्यात महिन्याच्या खर्चापुरती रक्कम, मोबाइलवरचे यूपीआय फक्त त्यालाच जोडलेले. भाजी, औषधे, रिक्षा, नातीचा खाऊ, सारे त्यातून. त्याचा हिशेब मुलांनी विचारू नये. ते लुटले गेले तर गेले. एक महिना जड जाईल, म्हातारपण जड जाणार नाही. मोठी रक्कम दुसऱ्या खात्यात: त्याला डेबिट कार्ड नको, नेट बँकिंग नको, असलेच तर नुसते पाहण्यापुरते. मुदत ठेवी शाखेत जाऊन केलेल्या, घरबसल्या मोडता न येणाऱ्या. अशी सोय होते का ते शाखेत विचारावे, लेखी मागावे. आणि या खात्यावर व्यवहार ‘दोघांच्या सहीने’ असा लिहून द्यावा. बहुतेक जोडखाती ‘दोघांपैकी कुणीही’ अशी असतात. सोयीची आहेत, पण ती एकाच किल्लीची तिजोरी होय, दुसरी किल्ली नुसती दाराशी टांगलेली. दोघांच्या सहीला त्रास आहे. एकजण परगावी असला की काम अडते, एकजण गेला की कागदपत्रे वाढतात. नामनिर्देशन करून ठेवावे आणि तो त्रास सोसावा. अडणे हाच तर त्याचा गुण आहे. शिवाय मुलालाही ती रक्कम एकट्याने काढता येत नाही, याचे समाधान आईला बोलून दाखवता येत नसले, तरी असते.

कार्डांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्येच मर्यादा घालण्याची आणि नको ते व्यवहार बंद ठेवण्याची सोय देणे बँकांना बंधनकारक केले. किती घरांनी ती वापरली? एका रविवारचे काम आहे.

मुलांनी स्वतःच्याही काही सवयी बघाव्यात. ‘आई, तुझ्या मोबाइलवर एक ओटीपी आला असेल, सांग पटकन’, हे वाक्य प्रत्येक घरात आठवड्यातून एकदा ऐकू येते. फोनवरून, घाईत, कशासाठी ते न सांगता. आणि मग म्हणायचे, ओटीपी कुणाला सांगू नये! बँकाही याच माळेतल्या. विमा विकायला दुपारी फोन करायचा आणि ‘खात्री करण्यासाठी’ जन्मतारीख विचारायची. आमच्याच जुन्या धंद्यातली एक शाखा मला माहीत आहे, जिथे पासबुक भरायला आलेल्या ऐंशी वर्षांच्या गृहस्थांना ‘हे सगळं ॲपवर दिसतं की’ म्हणून परत पाठवले गेले. वृद्धांसाठी स्वतंत्र खिडकी असावी, सत्तरीपुढच्यांना काही सेवा घरपोच द्याव्यात, असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना सांगितले आहे. माणसाला काउंटरवरून हाकलून फोनकडे पाठवायचे, आणि फोनवर फसला की ‘पिन तुम्हीच टाकला’ हे ऐकवायचे. आता निदान बँकांनी ग्राहकांना करायच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक ठरवून दिलेले आहेत आणि बँकांच्या संकेतस्थळांचे पत्ते ‘डॉट बँक डॉट इन’ने संपावेत असा नियम आहे. या दोन गोष्टी मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवण्याजोग्या आहेत. शेजारी बँकेचा, गॅसचा, विजेचा, टीव्हीवाल्याचा खरा क्रमांक जुन्या बिलांवरून उतरवून ठेवावा; म्हणजे गूगलवर शोधण्याची वेळच येणार नाही. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही, हेही त्यातच.

आणि झालेच काही, तर आधी फोनचे इंटरनेट बंद करायचे, मग शेजारच्या फोनवरून १९३० आणि बँक, मग मुलगा. मुलाने त्या दिवशी फक्त ‘बरे झाले लगेच सांगितलेस’ एवढेच म्हणावे. बाकीचे बोलायचे असेल तर दिवाळीत बोलावे. थोड्या दिवसांनी ‘तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो’ असे फोन येतात, त्यांना मात्र घरातल्या सर्वांनी ओळखून असावे. फसलेल्यांच्या याद्याही विकल्या जातात.

राहता राहिला प्रश्न ज्यांची दुसरी किल्ली धरायला जवळ कुणी नाही त्यांचा. ठाण्यातल्या आमच्या इमारतीत चोवीस घरे आहेत, त्यांपैकी नऊ घरांतली मुले परदेशात. इथे दुपारचे तीन वाजलेले असतात तेव्हा तिकडे पहाट. भामटे फोन करतात ते दुपारीच. तेव्हा आम्ही असे ठरवले आहे की, प्रत्येकाने इमारतीतल्या एका माणसाचे नाव निवडून मुलांना कळवायचे. त्या माणसाला खात्याचे काही सांगायचे नाही, सही द्यायची नाही, आकडा सांगायचा नाही. पैशांचा, फोन-दुरुस्तीचा, पोलिसांचा कसलाही फोन आला की, चालू फोन तसाच हातात घेऊन त्याचे दार वाजवायचे, एवढेच. गणिताच्या बाईंनी माझे नाव दिले आहे, आणि तळमजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी बाईंचे. गेल्या दोन महिन्यांत बाई माझ्याकडे तीनदा आल्या. दोन फोन खोटे होते. तिसरा खरोखर गॅसवाल्याचा होता. तो बिचारा जिन्यात सिलिंडर घेऊन उभा होता.